गप्प झालेल्या प्रतीची वाट किती पाहावी?

शेत विकले, भावाभावांत वाटणी झाली किंवा घरातला कर्ता माणूस वारला, की सातबाऱ्यावरचे नाव बदलावे लागते. हे काम करणाऱ्या तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि वह्यांच्या जागी संगणक आला आहे. पण कामाची रीत जुनीच आहे. सातबारा कुणी एकदम खोडून नव्याने लिहीत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, पुढच्या क्रमांकाने नोंद पडते. हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहिली जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळात मधल्या दिवसांत फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर पेन्सिलीने लिहून ठेवीत. जुने नाव खोडत नसत, त्याला कंस करीत. पुढे काही वर्षांनी सातबाऱ्याचे पुनर्लेखन झाले, की कंसातली नावे गळून पडत.

बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात ही पद्धत शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. ज्याने ती पाहिली आहे त्याला संगणकातल्या डेटाबेसचे अंतरंग निम्मे समजले, असे म्हणायला हरकत नाही. डेटाबेस म्हणजे पद्धतशीर मांडून ठेवलेला माहितीचा साठा. बँकेची खाती, रेल्वेचे आरक्षण, शाळेची पटनोंदणी ही सगळी अशा साठ्यांत असतात. त्यातही कुठलाही बदल आधी एका क्रमवार नोंदवहीत लिहिला जातो आणि मग मूळ तक्त्यात उतरतो. तलाठी पंधरा दिवस थांबतो, संगणक सेकंदाचा काही हजारावा भाग थांबतो, एवढाच फरक.

आधी नोंद कशासाठी? समजा, एका खात्यातून हजार रुपये वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्यापूर्वी वीज गेली. वीज आल्यावर संगणक नोंदवही उघडतो, अर्धवट राहिलेले काम कोणते ते पाहतो आणि ते एक तर पुरे करतो, नाही तर मुळापासून रद्द करतो. ही नोंदवही नसती, तर विजेच्या प्रत्येक खेळखंडोब्यानंतर बँकेला सगळी खाती हाताने ताडून पाहावी लागली असती. या विचाराला शिस्त आली ती १९७० च्या दशकात, आय.बी.एम. कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत. ‘सिस्टीम आर’ नावाच्या प्रकल्पावर तेथे जिम ग्रे हे संशोधक काम करीत होते. व्यवहार म्हणजे काय, तो ‘पुरा झाला’ असे केव्हा म्हणायचे, याच्या काटेकोर व्याख्या करण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले ते याच कामासाठी. नोंदवहीवरून साठा पुन्हा उभा करण्याची जी पद्धत पुढे पाठ्यपुस्तकांत गेली, तिच्यावरचा १९९२ चा निबंध सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. मोहन हे मद्रासच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी. जिम ग्रे यांच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे, एका वेगळ्याच कारणासाठी.

नोंदवहीचा उपयोग अपघातापुरताच असता, तर हा लेख लिहायचे कारण नव्हते. पण तिच्यापासून आणखी एक मोठे काम साधते. नोंदवहीची पाने जशीच्या तशी दुसऱ्या संगणकाकडे पाठवली आणि त्याने त्या नोंदी त्याच क्रमाने अमलात आणल्या, तर त्याच्याकडे मूळ साठ्याची हुबेहूब प्रत तयार होते. मूळ संगणक जळाला तरी प्रत शिल्लक राहते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बुलढाण्याला मूळ संगणक आहे आणि जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत त्याची एकेक प्रत ठेवली आहे. आपला जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन भागांत विभागलेला. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा घाटावर. मलकापूर, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. मूळ संगणक नोंदी लिहितो आहे, तेरा प्रती त्या वाचून घेत आहेत. एके दिवशी जळगाव जामोदची प्रत गप्प होते. पावसात तार तुटली असेल. वीज गेली असेल. संगणक बिघडला असेल. कदाचित तो कायमचा काढून टाकला असेल आणि बुलढाण्याला कळवायचे राहून गेले असेल. ती प्रत परत आली, की जिथे थांबली होती तिथपासूनची पाने मागणार. ती पाने बुलढाण्याने किती दिवस जपून ठेवायची?

प्रश्न साधा दिसतो. पण ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेस प्रणालीला त्याचे उत्तर शोधायला पंधरा वर्षे लागली, आणि ती पंधरा वर्षे आमच्या मते शिकण्यासारखी आहेत.

पोस्टग्रेसचा जन्म अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातला. १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांनी हा प्रकल्प सुरू केला. विद्यापीठातले काम थांबल्यावर अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोघा विद्यार्थ्यांनी तो पुढे नेला आणि १९९६ पासून जगभरच्या स्वयंसेवक अभियंत्यांनी तो सांभाळला. ही प्रणाली कुणालाही फुकट वापरता येते, तिची आतली रचना कुणालाही वाचता येते आणि सुधारताही येते. तिच्यावर काम करणाऱ्यांत आज भारतीय पुष्कळ आहेत, पुण्यातलेही आहेत. आधी नोंद, मग अंमल ही पद्धत तिच्यात २००१ मध्ये आली. सप्टेंबर २०१० मध्ये आलेल्या ९.० या आवृत्तीपासून नोंदवहीतल्या नोंदी तारेवरून सतत दुसऱ्या संगणकाकडे वाहत्या ठेवण्याची सोय झाली.

२०१० मधले उत्तर सरळ होते. नोंदवही एकेक सोळा मेगाबाइटच्या तुकड्यांत लिहिली जाते. प्रतींसाठी म्हणून शेवटचे किती तुकडे राखायचे, तो आकडा व्यवस्थापकाने सांगायचा. त्यापेक्षा जुने तुकडे मूळ संगणक मोडीत काढील. कोणी वाचले, कोणी नाही, याची चौकशी तो करणार नाही. पाने आणखी कुठे साठवून ठेवलेली नसतील, तर चार दिवस गप्प राहिलेली प्रत परत येऊन जुने पान मागे आणि तिला उत्तर मिळे, की ते पान आता नाही. मग सगळा साठा पहिल्यापासून पुन्हा उतरवून घेणे आले. आकडा मोठा ठेवावा, तर सगळ्या प्रती वेळच्या वेळी वाचत असतानाही जागा उगाच अडून राही. थोडक्यात, ही विसराळू व्यवस्था होती.

डिसेंबर २०१४ च्या ९.४ या आवृत्तीने नेमके उलटे टोक गाठले. तिच्यात ‘स्लॉट’ आला. स्लॉट म्हणजे मूळ संगणकाने एखाद्या प्रतीच्या नावाने राखलेली जागा. तिच्यात ‘ही प्रत अमुक पानापर्यंत आली आहे’ एवढी खूण असते. सर्वांत मागे राहिलेल्या प्रतीने जे पान वाचलेले नाही, ते आणि त्यानंतरचे एकही पान फाडायचे नाही, असा नियम. प्रत जोडलेली असो वा नसो, मूळ संगणक मधे बंद होऊन पुन्हा सुरू झालेला असो, खूण टिकून राहते. पुष्कळांना वाटले, प्रश्न सुटला.

एका अर्थाने तो सुटलाही. पण वर्गात एक मुलगा गैरहजर आहे म्हणून मास्तरांनी फळाच पुसायचा नाही असे ठरवले, तर काय होईल? पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहावे लागेल. चौथ्या दिवशी लिहायला जागाच उरणार नाही आणि हजर असलेल्या चाळीस मुलांचा अभ्यास थांबेल. मूळ संगणकाचे तेच होते. जळगाव जामोदच्या नावाची खूण जिथे होती तिथेच आहे, पाने साठत आहेत, आणि एका रात्री डिस्क भरते. नोंदवहीत लिहायला जागा नाही, आणि आधी नोंद झाल्याखेरीज बदल करायचा नाही हा तर मूळ नियम. मग पोस्टग्रेस स्वतःला बंद करून घेते. आता चिखलीचे काम थांबते, मेहकरचे थांबते, मलकापूरचे थांबते. जे हजर होते आणि ज्यांनी प्रत्येक पान वेळेवर वाचले होते, त्या सगळ्यांचे. जळगाव जामोदला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरे नुकसान जरा आतले आहे. मघाशी कंसातल्या नावांचा उल्लेख केला, तो याच्यासाठी. पोस्टग्रेसही जुनी ओळ लगेच पुसत नाही. नवी लिहिते आणि जुनी एका परीने कंसात टाकते. मधून मधून झाडलोट करून अशा ओळी काढल्या जातात. पण गप्प झालेल्या प्रतीला जुन्या ओळी लागण्याची शक्यता असेल, तर काही प्रकारचे स्लॉट ही झाडलोटही अडवून धरतात. साठा फुगत जातो, शोध मंदावतो. त्यातच व्यवहारांना दिले जाणारे क्रमांक ३२ अंकी द्विमान पद्धतीचे असल्यामुळे साधारण दोन अब्ज व्यवहारांच्या आत झाडलोट व्हावीच लागते. ती न झाल्यास प्रणाली नवे व्यवहार स्वीकारणे थांबवते.

हे संकट मोठ्या अपघातातून येते असे नाही. बहुतेक वेळा ते क्षुल्लक विसराळूपणातून येते. कुणी तरी प्रयोगासाठी एक प्रत जोडलेली असते. प्रयोग संपतो, तो संगणक दुसऱ्या कामाला जातो, माणसाची बदली होते. स्लॉट मात्र मूळ संगणकावर तसाच राहतो. जो माणूस परत येणारच नाही त्याचे ताट रोज वाढून ठेवावे, तसे. आणि रोजचे ताट आदल्या दिवशीच्या ताटाशेजारी.

तेव्हा मधला मार्ग हवा, हे उघड होते. काही काळाने ‘ही प्रत आता येत नाही’ असे ठरवून तिचा स्लॉट बाद करावा. पण केव्हा? इथे संगणकशास्त्रातली एक जुनी अडचण आडवी येते. दूर असलेला संगणक मेला आहे की नुसता मंद झाला आहे, हे तारेच्या या टोकावरून ओळखता येत नाही. दोन्ही वेळी ऐकू येते ती शांतताच. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या टँडेम कंपनीने कधीही बंद न पडणारी यंत्रे बनवायला घेतली, तेव्हा तिने यावर एक युक्ती केली होती. यंत्रातला प्रत्येक संगणक दर सेकंदाला इतरांना ‘मी जिवंत आहे’ असा निरोप पाठवी आणि दर दोन सेकंदांनी इतरांचे निरोप आले की नाही ते तपासले जाई. निरोप नसेल तर तो मेला असे समजायचे. एकाच कपाटात शेजारी शेजारी बसवलेल्या संगणकांना ही युक्ती चालते, कारण त्यांच्या मधली तार हातभर लांबीची आणि भरवशाची असते. घाट उतरून जाणाऱ्या तारेला ती चालत नाही. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी तर गणितानेच सिद्ध केले, की निरोप पोचायला किती वेळ लागेल याला जिथे कमाल मर्यादाच नाही आणि एखादा संगणक बंद पडू शकतो, तिथे सगळ्या उरलेल्या संगणकांचे एकमत निश्चितपणे घडवून आणणारी कोणतीही ठरावीक रीत असू शकत नाही. सिद्धता इथे देत नाही. पण तिच्या मुळाशी हीच अडचण आहे, की ‘उशीर’ आणि ‘मृत्यू’ यांत फरक करता येत नाही.

आणि आता जिम ग्रे. २८ जानेवारी २००७ या दिवशी ते आपल्या शिडाच्या होडीतून एकटेच सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. किनाऱ्यापासून काही तासांवर असलेल्या फॅरालॉन बेटांजवळ आईच्या अस्थी विसर्जित करायच्या होत्या. हवा चांगली होती. संकटाचा कोणताही संदेश त्यांनी पाठवला नाही. ते परतले नाहीत. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने जहाजे आणि विमाने लावून हजारो चौरस मैल समुद्र पालथा घातला आणि १ फेब्रुवारीला शोध थांबवला. त्यांच्या मित्रांनी, ज्यांत त्या क्षेत्रातले नामवंत संगणकतज्ज्ञ होते, उपग्रहांवरून समुद्राची छायाचित्रे मिळवली, त्यांचे लहान लहान तुकडे केले आणि ते इंटरनेटवरून हजारो स्वयंसेवकांपुढे ठेवले. फेब्रुवारीच्या मध्यास त्यांनीही काम थांबवले. कुटुंबाने समुद्रतळाचा शोध मे अखेरपर्यंत चालू ठेवला. काही सापडले नाही. २०१२ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी, न्यायालयाने त्यांना मृत मानले.

आम्हाला या घटनेत विचार करण्याजोगे वाटते ते असे. तटरक्षक दल चार दिवसांनी थांबले, मित्र सुमारे तीन आठवड्यांनी, कुटुंब चार महिन्यांनी, कायदा पाच वर्षांनी. या चार तारखांच्या मधे समुद्राकडून नवी बातमी एकही आली नव्हती. जे १ फेब्रुवारीला माहीत होते तेच २०१२ मध्ये माहीत होते. मग तारखा वेगळ्या का? कारण वाट पाहण्याचा खर्च प्रत्येकाला वेगळा होता. तटरक्षक दलाची विमाने दुसऱ्या बुडणाऱ्या माणसासाठी लागणार होती. मित्रांना आपापली कामे होती. कायद्याला पाच वर्षे थांबायला फारसे काही पडत नव्हते, आणि घाई केली तर जिवंत माणसाला मेलेला ठरवण्याचा धोका होता. मुदत ठरली ती बेपत्ता माणसाच्या स्थितीवरून नव्हे, थांबणाऱ्याच्या स्थितीवरून.

आपल्याकडच्या कायद्यातली मुदत सात वर्षांची आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या १०८ व्या कलमात ती होती. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती आहे. ही सात वर्षे इंग्लंडमधून आली, सतराव्या शतकातल्या कायद्यांमधून. माणूस समुद्रापार गेला आणि त्याची खबर नाही, तर त्याच्या बायकोने आणि मालमत्तेने किती थांबायचे हा तेव्हाचा प्रश्न. कलमाची भाषा मुद्दाम पाहण्यासारखी आहे. सात वर्षांनी माणूस मेला, असे ते म्हणत नाही. ज्यांना त्याची खबर लागायला हवी होती त्यांनाही सात वर्षे ती लागली नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते, एवढेच. म्हणजे कायद्याने सत्य शोधून काढल्याचा आव आणलेला नाही.

बँकेचेही उदाहरण घेता येईल. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय धरतात. दहा वर्षे कुणीच फिरकले नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये स्थापन केलेल्या निधीत जाते. तरीही खातेदार किंवा त्याचा वारस नंतर आला, तर पैसे मिळतात. बँकेला इतका उदारपणा परवडतो, कारण न नेलेले पैसे जागा अडवत नाहीत. स्लॉटचे तसे नाही. तो रोज नवी पाने मागतो, आणि एकदा बाद झाला की मोडीत गेलेली पाने त्याला परत मिळत नाहीत.

हा फरक ध्यानात घेतला, म्हणजे पोस्टग्रेसने पुढे जे केले त्याचा क्रम पटतो. सप्टेंबर २०२० च्या तेराव्या आवृत्तीत पहिली मर्यादा आली ती दिवसांची नव्हे, जागेची. क्योतारो होरिगुची या जपानी अभियंत्याचे हे काम. स्लॉटसाठी जास्तीत जास्त इतकी पाने राखीन, त्यापुढे नाही, असे आता सांगता येऊ लागले. २०१० मधल्या आकड्याशी हे सारखे वाटेल, पण फरक आहे. तेव्हाचा आकडा कमीत कमी राखण्याचा होता, हा जास्तीत जास्त राखण्याचा आहे. सगळ्या प्रती वेळेवर वाचत असतील तर जागा अडत नाही, एखादी मागे पडली तरच ढीग वाढतो, आणि ढीग ठरलेल्या उंचीवर थांबतो. शिवाय मर्यादा ओलांडताक्षणी तलवार पडत नाही. संगणक दर काही मिनिटांनी आपला हिशेब मिटवतो, आणि जुनी पाने त्या वेळीच काढली जातात. त्या आधी प्रत परत आली आणि भराभर वाचू लागली, तर ती वाचते. या मधल्या अवस्थेलाही यादीत वेगळे नाव दिलेले आहे.

जागेची मर्यादा मूळ संगणकाला वाचवते, यात शंका नाही. पण तिच्यात एक अन्याय आहे. धंद्याच्या हंगामात ढीग झपाट्याने वाढतो, तेव्हा दोन दिवस आजारी पडलेली चांगली प्रत बाद होते. मंदीच्या दिवसांत कधीचा मोडीत गेलेला संगणकही महिनोन् महिने जिवंत समजला जातो. म्हणून दिवसांची मर्यादाही हवी, असे म्हणणारे होतेच. पण दिवस मोजायचे तर गप्प झाल्याची वेळ आधी नोंदवलेली पाहिजे. ‘केव्हापासून निष्क्रिय’ हा रकाना सप्टेंबर २०२४ च्या सतराव्या आवृत्तीत आला, आणि त्याच्या आधारावर २५ सप्टेंबर २०२५ च्या अठराव्या आवृत्तीत दिवसांची मर्यादा आली. आवृत्तीच्या अधिकृत टिपणात या कामासाठी निशा मूंद आणि भरत रुपिरेड्डी ही दोन भारतीय नावे आहेत.

या कामातले बारकावे शिक्षकांना आवडतील असे आहेत. मूळ संगणकच दोन दिवस बंद पडला असेल, तर ते दोन दिवस प्रतीच्या गैरहजेरीत धरत नाहीत. मूळ पुन्हा सुरू झाले की घड्याळ नव्याने सुरू होते. शाळाच बंद होती त्या दिवशी मुलाची गैरहजेरी कशी मांडणार? काही स्लॉट स्वभावतःच गप्प असतात. दुसऱ्या संगणकावरच्या स्लॉटची नुसती छाया म्हणून ते ठेवलेले असतात आणि गरज पडेपर्यंत त्यांनी काही करायचेच नसते. त्यांना ही मर्यादा लागू नाही. आणि जो स्लॉट पाने अडवूनच ठेवत नाही, त्यालाही नाही; त्याच्या गप्प राहण्याने कुणाचे काही बिघडत नाही.

आता आकडा ठरवायचा कसा, ते वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. आकडे मानलेले आहेत. बुलढाण्याच्या संगणकात रोज ३ गिगाबाइट नोंदी पडतात आणि डिस्कवर १५० गिगाबाइट जागा मोकळी आहे. एक प्रत गप्प झाली तर डिस्क भरायला ५० दिवस लागतील. पण वर्षाकाठी काही आठवडे कामाची गर्दी असते आणि रोज १५ गिगाबाइट पडतात. तेव्हा १० दिवसच मिळतील. निम्मी जागा सुरक्षिततेसाठी सोडली, तर मर्यादा ७५ गिगाबाइट, म्हणजे एरवी २५ दिवस आणि गर्दीत ५ दिवस.

दुसऱ्या बाजूचा खर्चही काढू. सगळा साठा ५०० गिगाबाइटचा आहे आणि तालुक्यापर्यंतची तार सेकंदाला १० मेगाबिट वाहते. एक गिगाबाइट म्हणजे ढोबळमानाने ८,००० मेगाबिट. पूर्ण साठा पुन्हा उतरवायला ४ लाख सेकंद, म्हणजे साडेचार दिवसांहून जास्त. वीस दिवसांची साठलेली ६० गिगाबाइट पाने वाचायला ४८ हजार सेकंद, म्हणजे साधारण सव्वातेरा तास. तेव्हा निदान वीस दिवस तरी थांबणे प्रतीच्या फायद्याचे आहे. खरे तर नुसत्या तारेचा विचार केला, तर १६० हून अधिक दिवस थांबणेही परवडेल, कारण ५०० ला ३ ने भागले की तेवढे दिवस येतात. पण तेवढी डिस्क आपल्याकडे नाही. इथे निर्णय तार घेत नाही, डिस्क घेते. मोठी डिस्क आणि मंद तार असेल तेथे उलटे होईल. मुले आकडे बदलून पाहतील तर त्यांना ते दिसेल.

दिवसांचा आकडा मात्र नुसत्या गणिताने येत नाही. प्रती शाळांमध्ये ठेवल्या आहेत असे समजा आणि कुणी तरी ‘उन्हाळ्याच्या सुट्टीला पुरतील’ म्हणून ४५ दिवसांची मुदत घातली. २ मे पासून मोजले तर ती १६ जूनच्या सुमारास संपते. पुण्या-साताऱ्याच्या शाळा तोवर उघडलेल्या असतील. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात. म्हणजे त्या एका आकड्याने बुलढाण्यापासून गोंदियापर्यंतच्या सगळ्या प्रती दर वर्षी जूनमध्ये बाद होतील, आणि कारण कुणाच्या चटकन लक्षात येणार नाही. आकडा ठरवणाऱ्याला प्रतींच्या गावचे वेळापत्रक ठाऊक असावे लागते.

पोस्टग्रेसच्या कर्त्यांनी म्हणूनच बहुधा दोन्ही मर्यादा मुळात बंद ठेवल्या आहेत. जागेची मर्यादा न सांगितल्यास अमर्याद धरली जाते, दिवसांची न सांगितल्यास शून्य, म्हणजे लागूच नाही. यावर आमचे मत थोडे वेगळे आहे. ज्याने दोन्ही आकड्यांचा विचारच केलेला नाही त्याच्या वाट्याला भरलेली डिस्क येते, आणि तीही बहुधा रात्री. जागेची मर्यादा तरी काही एक ठेवून द्यायला हवी होती, असे आम्हाला वाटते. पण ज्या प्रतीच्या पानांवर दुसऱ्या एखाद्या संस्थेचा हिशेब अवलंबून आहे ती न विचारता बाद होऊ नये, हा विरुद्ध बाजूचा युक्तिवादही हलका नाही.

स्लॉट बाद झाला म्हणजे यादीतून नाहीसा होतो, असे मात्र नाही. त्याचे नाव राहते, केव्हापासून निष्क्रिय ते राहते, आणि सतराव्या आवृत्तीपासून बाद होण्याचे कारणही वेगळ्या रकान्यात लिहिलेले राहते: पाने काढून टाकावी लागली म्हणून, किंवा अठराव्यापासून, मुदत उलटली म्हणून. त्या ओळीवरून कुणाला तरी जळगाव जामोदला फोन करता येतो. ती ओळ यादीतून काढण्याचे काम प्रणाली आपण होऊन करीत नाही. ते माणसाला आपल्या हाताने करावे लागते.